ओल्या चुन्यावरची हळद

ये गो तनू, अशी पुढे ये. लांब बसून मला ओरडायला लावू नकोस, माझा घसा आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. आणि कानात ती पांढरी बोंडं घातलीस ना, ती काढ आधी. माणूस समोर बोलतंय आणि कानात दुसरंच कोण बोलतंय, हे मला चालत नाही.

गेल्या आठवड्यात तुझी एक ओळ आली मोबाइलवर. 'मोठ्या आई, आईच्या भिंतीचा फोटो पाठव ना.' माझ्या दिनेशने वाचून दाखवली आणि लगेच फोन घेऊन देवखोलीकडे निघाला. मी म्हटलं, थांब. फोटो जाणार नाही. आता तुला राग आला तर येऊ दे, मलाही आलेला आहे. तुझ्या आईला, माझ्या सुमाला, जाऊन आठ महिने झाले. तिच्या बारा दिवसांत तू ह्या घरात होतीस. सुतकात देवखोलीचं दार बंद, ते कबूल. पण तेराव्या दिवशी पहाटे मी स्वतः ते दार उघडून आत समई लावली होती गो. आणि तू खळ्यात टॅक्सीपाशी उभी, फोनवर कुणाला तरी 'पोचते संध्याकाळपर्यंत' सांगत. तुझ्या आईची भिंत तुझ्यापासून वीस पावलांवर होती. माझ्या तोंडात शब्द आले होते, पण तुझ्या आईने मला बांधून ठेवलं होतं. का, ते शेवटी सांगते.

म्हणून फोटोच्या जागी हे लिहितेय. लिहिणं कसलं, बोलतेय तसंच कागदावर उतरवते. तुझी आई तुला ठाऊक आहे. माझी धाकटी जाऊ तुला ठाऊक नाही.

सुमा आली ती डिचोलीपलीकडच्या खाणीच्या पट्ट्यातून. तिचे वडील खनिजाचा टिप्पर चालवायचे. तिथे सगळंच तांबडं. झाडांची पानं तांबडी, कोंबड्या तांबड्या, दोरीवर पांढरा तुवालो वाळत घातला तर दुपारपर्यंत तो तांबडा. लग्नानंतर तिची ट्रंक उघडून मी साड्या झटकल्या, तर आमच्या खळ्यात तांबडा ढग उठला. सासूबाई म्हणाल्या, "सून आणली की डोंगर?"

पाचव्या दिवशी मी तिला दर्यावर घेऊन गेले. आमच्या मांद्र्याच्या घरातून दर्या दिसत नाही, ऐकू येतो तेवढा. वीस वर्षांची पोर, जन्म गोव्यात, आणि दर्या पाहिलेला नाही! वडिलांच्या टिप्परातून नदीच्या धक्क्यापर्यंत गेली होती, बार्जमध्ये खनिज ओततात ते पाहिलं होतं, पण त्यापुढे पाणी कुठे जातं हे काही तिने पाहिलं नव्हतं. वाळूवर चपला हातात धरून ती उभी राहिली. लाटा येत होत्या, जात होत्या. मग मला विचारते, "वैनी, ह्यो केन्ना थांबता?"

"कोण?"

"ह्यो." आणि तिने दर्याकडे बोट केलं.

मी पोट धरून हसले. म्हटलं, "थांबलो म्हणजे सांगतंय हां तुका."

पुढे चाळीस वर्षं ती आमची थट्टा झाली. मासे निवडताना, विहिरीवर, कधी लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता ती हळूच विचारायची, "वैनी, थांबलो काय गो?" आणि मी म्हणायची, "खंयचो! अजून ना."

दर्या थांबत नाही, ते सोड. ही बाईही थांबायची नाही. चहा उभ्याने. जेवणही अर्धं उभ्याने. बसायला कदेल दिली तर त्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहायची. भात चुलीवर ठेवून मागल्या दाराने कधी सटकली, कळायचंही नाही. भाताचा वास आला की सासूबाई ओरडायच्या, "सुमा! भात करपलो! दर्याक वाढूक गेल्लंस काय?" आणि थोड्या वेळाने ही येणार, साडीचा काठ ढोपरापर्यंत भिजलेला, पायांना वाळू, तोंडावर असा भाव की घरात काही झालंच नाही. ती निवांत बसलेली मी चाळीस वर्षांत दोनदा पाहिली. दोनदाच. दोन्ही वेळा सांगते.

दर्यावर जाऊन काय करायची विचारशील, तर काही नाही. काळ्या खडकावर बोट भिजवून रेघा ओढायची, लाट यायची आणि नेऊन टाकायची. ही परत ओढायची. रंगांची नावं तिची तिलाच ठाऊक. "आज दर्या तारल्याच्या पाठीचो." "आज शिळ्या कढयेचो." एकदा मी बांगडे कापायला बसले होते. त्यातला एक उचलून तिने जनेलाशी नेला आणि खिडकीच्या उजेडात त्याचं पोट फिरवत राहिली. निळं, मग रुपेरी, मग मोत्याच्या आतल्यासारखं. मी म्हटलं, "गो, त्याका कापूचो आसा." तर म्हणते, "कापतंय गो. पयलें पळोवंक दी." आधी बघू दे म्हणे! त्या दिवशी जेवायला दोन वाजले.

हे सगळं तिच्या हातातून बाहेर पडलं, ते लग्नानंतरच्या दुसऱ्या चवथीला.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहेच, पण जे वाचतील त्यांच्यासाठी सांगते. चवथीआधी गणपतीमागची भिंत नवी करायची. गेल्या वर्षीच्या चित्रावर चुना मारायचा, चुना दोन दिवस सुकू द्यायचा, मग नवं चित्र. आमच्याकडे पेडण्याहून एक पेंटर यायचा आणि दर वर्षी दोन मोर आणि मधे कमळ काढून जायचा. त्या वर्षी तो माडावरून पडला आणि हात मोडून घेतला. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. सुमा म्हणाली, "हांव करतां."

सासूबाईंनी विचारलं, "मोर येतात तुका?"

"येतात."

धडधडीत खोटं. मोर तिला शेवटपर्यंत आला नाही.

तयारी मात्र अशी केली की बघत राहावं. शिंपल्यांचा चुना भिजवला. केवड्याचं मूळ ठेचून त्याचा कुंचा केला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नीळ आणली, अख्ख्या वाड्याने वर्षभर कपडे धुवावे एवढी. काळं हवं म्हणून दिव्यावर काजळी धरली. माहेरहून फडक्यात बांधून तांबडी काव मागवली. आणि पिवळा रंग म्हणून माझ्या स्वयंपाकघरातली हळद.

चुना दोन दिवस सुकायला हवा होता. पण तिला कुठला धीर! आदल्या दिवशी मोठी भरती होती. ती पाहून धापा टाकत आली, आणि ओल्याच भिंतीवर सुरू. मोर नाही, कमळ नाही. वरपासून खालपर्यंत दर्या. आम्ही स्वयंपाकघरात नेवऱ्या तळत होतो, आम्हाला कुणाला पत्ताच नाही. पाणी झालं, लाटा झाल्या, आता खाली वाळू हवी. म्हणून तिने हळद डिंकाच्या पाण्यात कालवली आणि ओल्या चुन्यावर फासली.

आता बघ हां. हळदीला चुना लागला की लाल होते हे कुणी शिकवायला लागतं का? लग्नात, बारशाला, आपण ओवाळायचं तांबडं पाणी तसंच करतो. सुमाने स्वतः शंभरदा केलं असेल. पण हात घाईत होता आणि डोकं दर्यावर. वाळू पिवळी लागली आणि तिच्या डोळ्यांदेखत लाल होत गेली. कुंकवासारखी लाल, अख्खी खालची पट्टी.

सासूबाई बघायला आल्या आणि किंचाळल्याच. "देवाच्या पाटीमागे रगात! अगो पूस, पूस तें!" सुमा हलेना, म्हणून त्यांनी स्वतःच कुंचा घेतला आणि वर चुना मारला. तर ती लाली त्या चुन्यातूनही वर आली. आणखी मारला, आणखी लाल. म्हातारी घामाघूम झाली. मी तोंडात पदर कोंबून हसत होते, आणि भीतीही वाटत होती, कारण सकाळी गणपती यायचा होता.

आणि तेव्हा सुमा बसली. जमिनीवर, मांडी घालून, हात चुन्याने पांढरे. भिंतीकडे बघत म्हणाली, "वैनी, ह्यो आमचो ओहोळ."

पावसात खाणीवरचं पाणी त्यांच्या ओहोळात यायचं. लाल, जाड, पेजेसारखं. तो ओहोळ शेतातून जायचा आणि भाताची रोपं लाल चिखलात उभी असायची. हे ती मला त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. तोपर्यंत माहेरचं काही म्हणजे काही बोलली नव्हती.

पुसायला वेळ उरला नाही, म्हणून भिंत तशीच राहिली. सकाळी तिचे वडील आले, देवावर टांगायच्या माटोळीला बांधायला कवंडळाची रानफळं घेऊन. मोठा धिप्पाड माणूस, पण बोलायला लाजरा. देवासमोर आले आणि हात जोडायचे राहिलेच. भिंतीकडे बघत उभे. आमच्या सासूबाई मागून सारवासारव करायला लागल्या, "पोर म्हणून चूक झाली हो, व्याहीबुवा." त्यांनी ऐकलंच नाही. थोड्या वेळाने हळू म्हणाले, "आमचें उदक दर्याक मेळता हें खबर आशिल्लें. पळयलें ना कधीं."

आपलं पाणी दर्याला मिळताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, ते आमच्या भिंतीवर. पाच दिवसांत ती लाली उतरून विटकरी झाली, आणि पुढल्या श्रावणात म्हातारी स्वतःच विचारते, "सुमा, तें तांबडें करतलंस मगे ह्या वर्सा?"

मग ती तिची रीतच झाली. ओला चुना, नीळ, काजळी, आणि सगळ्यात शेवटी, चवथीच्या आदल्या दिवशी, हळद. बरोबर किती ओलं असताना लावली की पाचही दिवस लाल राहते, हे तिला भिंतीला गाल लावून कळायचं. हो, गाल. हात नाही. हाताला चुना असतो म्हणायची. लोक बघायला यायचे. शेजारपाजारचे आपल्या घरी बोलवायचे, आणि बोलावताना मोरच हवा म्हणून बजावायचे, "वहिनी, आमकां मोर जाय हां." ही मान डोलवायची आणि तिथेही दर्याच काढून यायची. एकाने तर वरून स्वतःच्या हाताने मोर काढला. लाटेवर बसलेला मोर! सुमा तो बघायला मुद्दाम गेली आणि म्हणाली, "बरो आसा. पोहता."

आणि दर वर्षी आषाढ सरला की तीच चुना मारायची. दुसऱ्या कुणाला कुंचा द्यायची नाही. इतकं सुंदर असायचं ना, की माझा जीव तुटायचा. मी म्हणायची, "ह्या वर्षी राहू दे गो, देवाला काय दोन वर्षं एक दर्या चालणार नाही?" ती ऐकायची आणि कुंचा बुडवायची. चुना मारताना ती सगळ्यात खूश असायची. पांढरी झालेली भिंत बघून दोन-तीन दिवस गाणं म्हणत फिरायची. माझ्या मनात येई, हिला काढायला आवडतं की पुसायला?

आता तुझी गोष्ट.

तू चार वर्षांची होतीस. देवखोलीची ती कोपऱ्यातली भिंत ओल येऊन फुगली होती, म्हणून तेवढ्या भागाला चुन्याचा नवा गिलावा केला होता. तू पळत आलीस आणि त्यावर हात दाबलास. पंजाच्या पंजा उमटला. आम्ही ओरडायच्या आत तुझी आईच हसली, म्हणाली, "ऱ्हाऊं दी." तू सगळ्या घराला ओढून ओढून नेऊन दाखवलास. तुझ्या बाबाला चार वेळा दाखवलास. तो बिचारा दर वेळी 'कुणाचो गो हात?' विचारायचा.

आणि मग तिचं चित्र सुरू झालं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि शेवटी तो कोपरा. तिने काही ठरवून केलं असं नाही. लाट आली तसा तिचा हात आला आणि पंजा नीळ-चुन्याच्या लाटेखाली गेला. तू बालवाडीतून आलीस आणि उभी राहिलीस. "माझो हात खंय?"

सुमा म्हणाली, "आत आसा गो."

तू भिंतीवर मुठी मारल्यास. त्या चवथीला तू एक नेवरी खाल्ली नाहीस. तुझ्यासारखी नेवऱ्यांवर तुटून पडणारी पोर, आणि ताटाकडे पाठ करून बसलीस पाच दिवस.

मला वाटलं, पोर विसरली. पोरं विसरतात असं आपण आपल्या सोयीसाठी म्हणतो.

पुढचं तू पाहिलंस. तरी माझ्या बाजूने ऐक. तीन वर्षांमागे तू पुण्याहून बारा कॅनव्हास घेऊन आलीस. रंगांच्या नळ्या, चांगले ब्रश. आईच्या भिंतींचे फोटो तू पणजीच्या एका प्रदर्शनवाल्याला दाखवले होतेस आणि तो खूश झाला होता. बारा चित्रं, दिवाळीनंतर. तू आईच्या गळ्यात पडून सांगितलंस, "आई, आता पुसायचं नाही हां. आता राहील."

तिने प्रयत्न केला नाही असं मनातही आणू नकोस. मागल्या पडवीत ते कॅनव्हास लावले आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापुढे. पण ते ढोलासारखे वाजतात म्हणायची. "हाका भिंतीची थंडाय ना, वैनी." भिंतीचा थंडपणा त्यात नाही म्हणे. नळीतला रंग तिला सोसायचा नाही, म्हणून त्यावरही चुनाच. एका संध्याकाळी असा दर्या उतरला होता, तो बांगड्याच्या पोटाचा उजेड, आणि नदीच्या तोंडाशी एक बारीक लाल रेघ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात जोडले तिला. "हें ठेव गो सुमा. पोरीसाठी ना तर माझ्यासाठी ठेव." ती म्हणाली, "ठेवतंय." सकाळी बघते तर पांढरा. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. तुला फोन तरी करायला हवा होता. तू विचारायचीस, 'चाललंय ना काम?' आणि मी म्हणायची, 'दिवसभर रंगवते हो.' ते काही खोटं नव्हतं.

ठरल्या दिवशी तो प्रदर्शनवाला गाडी घेऊन आला, तू पुण्याहून आलीस. पडवीत भिंतीला टेकून बारा कॅनव्हास, बाराही पांढरे. कोरे नव्हेत, एकेकाखाली दहा-दहा दर्या. चुन्याच्या वजनाने पोटं सुटलेली. तो माणूस सभ्य. वाकून वाकून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हे असंच दाखवायचं आहे का?" तसंही दाखवतात म्हणे हल्ली. सुमाने एका शब्दात हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण ती म्हणाली, "ना हो. हें अजून जावंक ना." झालंच नाही म्हणे अजून!

तो सोलकढी पिऊन गेला. तू मात्र आईकडे वळलीस. आई उभी, हातात चहाचा कप. तू म्हणालीस, "तुला काही ठेवायचंच नसतं. लोकांसमोर तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. माझा हातसुद्धा ठेवला नाहीस तू." आणि बॅग उचलून गेलीस. पुढल्या दोन चवथी आली नाहीस.

तू गेल्यावर सुमाने मला काय विचारलं, सांगू? सांगते, कारण आता लपवून काय करायचंय. तिने विचारलं, "वैनी, खंयचो हात?"

तिला आठवत नव्हतं. तुला हे लागेल, मलाही लागलं. मी तिला सगळं सांगितलं, गिलावा, पंजा, नेवऱ्या. ऐकता ऐकता तिचा चेहरा असा झाला की मी मधेच थांबले. कप खाली ठेवला आणि दर्यावर गेली, ती दिवेलागणीला आली. त्या दिवसापासून तिची धावपळ वेगळीच झाली. पूर्वी ती कशाकडे तरी धावायची. आता घरातल्या घरात फिरायची, देवखोलीत जायची, यायची, पुन्हा जायची.

पुढल्या चवथीला तिने चुना मारला आणि वर काहीच काढलं नाही. गणपती पांढऱ्या भिंतीपुढे बसला. आलेले लोक एकमेकांकडे बघत होते. कुणीतरी मला विचारलं, "तब्येत बरी आसा मगे तिची?" मी म्हटलं, "तुमकां मोर जाय आशिल्लो काय?"

आणि त्याच्या पुढल्या आषाढात, म्हणजे गेल्या वर्षी, मी देवखोलीत जाते तर ही कुलेर घेऊन भिंत खरवडतेय. कुलेर, जेवायचा चमचा! मी ओरडले, "अगो, भिंत पाडतलंस काय? दिनेशाक काय सांगू?" तिने वळून बघितलं. भुवया, केस, सगळं पांढरं. म्हणाली, "वैनी, सगळे हंयच आसात गो. पळय."

आपल्या पेडण्याकडच्या जुन्या देवळांत काव लावून वरून खरवडलेली चित्रं तू पाहिली असशील. त्यात कुठे किती खोल जायचं, ते हाताला कळावं लागतं. सुमाने तेच धरलं, पण तिच्या भिंतीत एक थर नव्हता, पस्तीस-चाळीस थर होते. कुलेरीच्या कडेने थोडं खरवडलं की एका वर्षाची नीळ. आणखी थोडं, काजळी. आणखी खाली, जुन्या हळदीची विटकर. ती कुठे उथळ जायची, कुठे खोल. एकाच लाटेचा माथा अलीकडचा आणि पोट तुझ्या शाळेच्या दिवसांतलं. नवा रंग एक थेंब नाही. दोन महिने ती हे करत होती. चुन्याच्या धुळीने खोकायची. मी तोंडाला पदर बांधून द्यायची, ती सोडून टाकायची. एवढं मोठं काम झालं आणि त्यातही ती कोपऱ्याला हात लावत नव्हती. इकडे तिकडे सगळा दर्या झाला, कोपरा पांढरा.

चवथीला चार दिवस उरले तेव्हा ती कोपऱ्याकडे वळली. कुलेर ठेवली आणि नखाने. मी दारात उभी होते, हातात माटोळीच्या दोऱ्या. एक पापुद्रा, मग दुसरा. तिचा हात इतका हळू चाललेला मी कधी पाहिला नव्हता. दुपार झाली. आणि मग मला दिसलं, गिलाव्यात एक छोटा खळगा. एवढासा. बोटाच्या टोकाचा. मग ते बोट. मग दुसरं, तिसरं.

तीन बोटं, तनू. चार वर्षांच्या पोरीची. खाली तळव्याचा थोडा खळगा.

मी म्हटलं, "गो, आणखी दोन आसतलीं थंय. काड."

तिने नख लावलं, आणि काढून घेतलं. मग पाय पसरून जमिनीवर बसली, भिंतीला खांदा टेकून. मी म्हटलं ना, दोनदा पाहिली बसलेली. ही दुसरी वेळ. आपला हात तिने त्या तीन बोटांशेजारी ठेवला, नुसता टेकवला. मला गंमत करावीशी वाटली, का कोण जाणे, नाहीतर मी रडले असते. मी विचारलं, "काय गो, थांबलंस?"

म्हणाली, "थांबलंय."

मग म्हणाली, "उरलेली दोन तिणें सोदूंदी. ती तिची. आनी वैनी, तिका तूं सांगू नाका. तिणें आपणें विचारूंक जाय."

ती दोन बोटं तुझी तू शोधायची, आणि तू आपणहून विचारल्याखेरीज मी बोलायचं नाही, ही ती गाठ, जिने मला तेराव्या दिवशी तोंड उघडू दिलं नाही. तू टॅक्सीत बसलीस आणि मी हात हलवत उभी राहिले. आठ महिने गप्प राहिले. माझ्यासारख्या बडबडीला आठ महिने गप्प राहायला किती जड गेलं असेल, ते तुला ठाऊक आहे. आणि गेल्या आठवड्यात तू विचारलंस. फोटो का होईना, विचारलंस.

आता ऐक. चवथीला अठरा दिवस आहेत. दिनेशने पेडण्याहून प्लॅस्टिक रंगाचा डबा आणून ठेवलाय, म्हणतो, आई, काकू गेली, आता चुना कोण करणार, हा एकदा मारला की दहा वर्षं बघायला नको. मी डब्यावर सुपल्या ठेवून दिल्यात. सुमा मला म्हणाली होती, चवथीक पूस, पुसल्याबगर बरें दिसना. तू बघितल्यावर पुसायचं की ठेवायचं, ते तू सांग. ठेव म्हणालीस तर मी तिचा शब्द मोडेन आणि देवाला हात जोडून माफी मागेन. पूस म्हणालीस तर कुंचा तू धर, बाल्दी मी धरते. पण हे ठरवायला मला एकटीला सोडू नकोस. ह्या वयात मला हे झेपणार नाही.

कुलेर देवखोलीच्या जनेलावर आहे, तिने ठेवली तिथेच. मी कुणाला उचलू दिलेली नाही. नेवऱ्यांचं सारण करून ठेवते, पण तळणार तू आल्यावर. म्हापशाला उतरलीस की फोन कर, दिनेश घ्यायला येईल. चुना बाल्दीत भिजत घातलाय. रोज सकाळी थोडं पाणी घालते वरून, सुकू देत नाही. ये गो बाय. लवकर ये.